तिसरा चमचा

१

रुस्तम बेय बुधवारी दुपारी साडेचारला जेवणाच्या टेबलापाशी मेलेला सापडला. छातीत गोळी होती. समोरच्या बशीत मसुराचं सूप गार होऊन वर साय धरली होती, आणि पायाशी गालिच्यावर दीडशे वर्षं जुनं चकमकीचं पिस्तूल पडलं होतं.

मी त्या घरी गुरुवारी जायचं ठरलं होतं. माझं नाव वेर्जिन. अत्तारीनच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. जुनी चांदीची भांडी, काटे-सुऱ्या, पिस्तुलं, खंजीर ओळखायचे आणि त्यांची किंमत सांगायची, हा माझा धंदा. वडील चांदीकार होते, आर्मेनियन. डोळा त्यांनी दिला, जीभ आईनं. अलेक्झांड्रियात कुणाचं घर मोडायला लागलं की माझ्या दुकानाचा पत्ता त्यांना बरोबर सापडतो. रुस्तम बेयनं मुहर्रम बेय वस्तीतलं वडिलोपार्जित घर विकलं होतं आणि आतल्या वस्तूंची यादी मी करायची होती.

गुरुवारी सकाळी फौजदार शुक्री एफंदी स्वतःच दुकानात आला. १९५१ सालचा नोव्हेंबर होता. या महिन्यात समुद्रावरून जे वादळ येतं त्याला आम्ही 'झाडू' म्हणतो. सकाळी दहालाच दिवे लावावे लागले होते.

"मादाम वेर्जिन, मुलगा आमच्या ताब्यात आहे," शुक्री टोपी झटकत म्हणाला. "फुआद. बापाचं घर विकायचं नव्हतं त्याला. काल तीन वाजता भांडायला आला, चारला दार आपटून गेला. तुम्ही एवढंच सांगा, ते पिस्तूल उडतं का? नाहीतर उद्या त्याचा वकील म्हणेल, ही भिंतीवरची शोभेची वस्तू आहे."

"उडालं असेल तर उडतं," मी म्हटलं.

"हे कागदावर लिहून द्या. फाशीची केस आहे."

त्या घराच्या सगळ्या झडपा बंद होत्या. दार स्वयंपाकीण बहियानं उघडलं. पन्नाशीची जाडजूड बाई, रडून डोळे सुजलेले. शुक्री पुढे गेला तसं तिनं माझी बाही धरली.

"मादाम, त्या पोराला उगाच धरलंय हो. फुआद बेयनं नाही मारलं. ज्यानं मारलं ना, त्याला बेड्या घालता येत नाहीत."

"का? कोण तो?"

ती वर, काळोख्या जिन्याकडे बघत कुजबुजली, "जमील बेय. मालकांचा धाकटा भाऊ. पंचेचाळीस वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला तो."

२

बहिया अकरा वर्षं त्या घरात होती. सकाळी आठला यायची, पाचला जायची, आणि वरच्या मजल्यावर तिनं कधी पाय ठेवला नव्हता. वरचं छत पडायला आलंय, असं तिला सांगितलेलं. पण ती खालच्या चुलीपाशी उभी असताना वर कुणीतरी चालायचं. चौदा पावलं जायचं, थांबायचं, चौदा पावलं परत यायचं. रात्रीसाठी झाकून ठेवलेलं पातेलं सकाळी घासूनपुसून रिकामं असायचं.

"दोन म्हाताऱ्या माणसांना एवढं जेवण जातं का, मादाम? मी मालकांच्या बहिणीला, हानमना, विचारलं, तर म्हणाल्या, वारा आहे. वारा मुलुखियाची भाजी खातो का?"

"शुक्री एफंदींना सांगितलंस?"

"सांगितलं. हसले. वर जाऊन आले. म्हणे, पांढऱ्या चादरी घातलेलं सामान आहे नुसतं."

जेवणाच्या दालनात रुस्तमची बहीण इफ्फेत हानम बसली होती. एकसष्ट वर्षांची, काळ्या कपड्यात, ताठ. लग्न केलं नव्हतं. सुतकाची बिनसाखरेची कॉफी ती दोन्ही तळव्यांत कप धरून पीत होती, कारण तिच्या बोटांची पेरं संधिवातानं झाडाच्या मुळांसारखी वाकली होती.

"तुम्ही यादी करणार होतात," ती म्हणाली. "करा. आता कुणासाठी, देव जाणे."

तिच्या मागे भिंतीवर एक जुना फोटो होता. घोड्यावर बसलेला एकोणीस-वीस वर्षांचा देखणा मुलगा. माझी नजर गेलेली तिनं पाहिली.

"जमील. लगाम बघा कुठल्या हातात आहे. डावखुरा होता. वडील जेवताना त्याचा डावा हात खुर्चीला बांधायचे, तरी हा सोडवून घ्यायचा. एक दिवस पोहायला म्हणून गेला. मी गच्चीतून हात हलवला. तेवढंच."

थडगं आहे, पण आत कुणी नाही, हेही तिनं सांगितलं. आवाज अजिबात हलला नाही.

मी पिस्तूल दिव्याशी नेलं. चांदीच्या तारेचं काम केलेली मूठ, नळीवर इस्तंबूलच्या कारागिराचं नाव. दारू उडालेली होती. नळीच्या तोंडाशी ताजा, नारिंगी गंज धरायला लागला होता. जुना गंज काळपट असतो. समुद्राची हवा आणि बंदुकीची दारू एकत्र आली की एका रात्रीत असा गंज येतो. म्हणजे काल हेच उडालं, यात शंका नव्हती. मी घोडा मागे ओढून बघितला. आतली कमान इतकी कडक, की मला दोन्ही अंगठे लावावे लागले.

"शुक्री एफंदी, हे भरायचं कसं, माहीत आहे?"

"गोळी घालायची नि चाप ओढायचा."

"मोजून दारू ओतायची. गोळी चिंधीत गुंडाळून नळीत बसवायची, गजानं ठासायची. मग बाहेरच्या खोबणीत बारीक दारू, चकमक तपासायची, घोडा दोन टप्प्यांत ओढायचा. एक टप्पा चुकला की नुसता धूर. हे फुआदला येतं?"

कॉफीच्या कपामागून इफ्फेत हानम म्हणाली, "फुआदला पेन्सिलीला टोक करता येत नाही." म्हणाली आणि लगेच ओठ मिटले. भाच्याला वाचवणारं बोलून गेल्याचा तिला पश्चात्ताप झाला, असं मला वाटलं. ते मला विचित्र वाटलं.

"तिथे काही जळकी चिंधी मिळाली का?" मी विचारलं.

शुक्रीनं खिशातून पाकीट काढलं. "मृताच्या कपड्याचा तुकडा. प्रेतापासून चार हातांवर होता."

नाण्याएवढा गोल तुकडा. एका बाजूनं तेलकट, दुसरीकडून जळलेला. गोळीबरोबर नळीतून निघतो आणि थोड्या अंतरावर गळून पडतो तो हाच. जाड सुती कापड होतं, पांढऱ्यावर निळी रेघ.

"बहिया," मी हाक मारली, "तुझे मालक घरात रेघारेघांचा सुती अंगरखा घालायचे?"

"रुस्तम बेय? गरिबांचं कापड?" त्या दुःखातही बहियाला हसू आलं. "ते रेशमाशिवाय झोपायचे नाहीत."

"मग हे कापड या घरात कोण घालतं?"

इफ्फेत हानमनं कप बशीत ठेवला. आणि नेमकं त्याच वेळी, आमच्या डोक्यावर, लाकडी तक्तपोशीवर काहीतरी हललं. एक पाऊल, दुसरं, तिसरं. बहियानं भिंतीला पाठ लावली आणि पुटपुटत प्रार्थना सुरू केली.

"वारा आहे," इफ्फेत हानम म्हणाली.

३

शुक्री धावत वर गेला. पंधरा मिनिटांनी केसांना कोळिष्टकं लावून खाली आला. वर कुणी नव्हतं.

"मादाम, मी बंदोबस्ताला माणूस ठेवतो. मला भुताखेतांवर अहवाल लिहायचा नाही. तुम्ही तुमची चांदी मोजा."

तो कचेरीत गेला. मी चांदीचं कपाट उघडून बसले. खरं सांगते, मला परत जायचं होतं. झडपा धडधडत होत्या, आणि माझ्या मागे ज्या खुर्चीत माणूस मेला तिच्यावर अजून कुणी चादर टाकली नव्हती. पण चांदी हातात आली की माझे हात शांत होतात.

जेवणाचा मोठा संच होता. तबकं, सुऱ्या, काटे, चोवीस सूपचे चमचे. सगळ्यांवर एकच मोहोर, सुलतान अब्दुल हमीदची, एकाच कारागिराची खूण. एकवीस चमचे कोरे होते आणि तीन वेगळ्या कप्प्यात मखमलीवर ठेवलेले.

"हे तीन?" मी दारात उभ्या असलेल्या बहियाला विचारलं.

"मुलांचे. मालकांच्या वडिलांनी, थोरल्या पाशांनी, तिघांची नावं घालून घेतली होती. हानम हे स्वतः धुतात, मला हात लावू देत नाहीत."

नावं झिजली होती. अशा वेळी आम्ही एक करतो. चांदीवर तोंडाची वाफ सोडायची. वाफ धरते तेव्हा जे डोळ्याला दिसत नाही ते क्षणभर दिसतं. मी पहिल्या चमच्यावर फुंकर घातली. रुस्तम. दुसरा, इफ्फेत. तिसऱ्या चमच्यावर वाफ पसरली आणि तिच्यातून हळूहळू ते नाव वर आलं. जमील. दोन श्वासांत विरून गेलं.

मग मी तराजू काढला.

पाहुण्यांचे कोरे चमचे चौऱ्याहत्तर ग्रॅमचे निघाले, एखादा अर्धा ग्रॅम कमी. रुस्तमचा एकाहत्तर. इफ्फेतचा सत्तर. जमीलचा तराजूत ठेवला, पुन्हा ठेवला, तराजू पुसून तिसऱ्यांदा ठेवला. सहासष्ट.

चमचा धुऊन-पुसून सगळीकडून सारखा झिजतो. खाऊन झिजतो तो फक्त टोकाला, कारण रोज तो बशीच्या तळाला घासतो. उजव्या हातानं खाणाऱ्याचा चमचा टोकाच्या डाव्या कडेनं झिजतो. रुस्तमचा आणि इफ्फेतचा तसाच होता. जमीलचा चमचा उजव्या कडेनं इतका झिजला होता की त्याचं टोक तिरपं, विळीच्या पात्यासारखं पातळ झालं होतं. चमचे १८९५ चे. जमील बुडाला १९०६ साली. अकरा वर्षं जेवलेल्या मुलाचा चमचा या तिघांत जड असायला हवा होता.

मी भिंग लावून त्या कडेवरचे ओरखडे बघितले. वरचे ओरखडे चकचकीत होते. ताजे.

मेलेला माणूस पंचेचाळीस वर्षं जेवत होता. परवापर्यंत जेवला होता.

४

मी शुक्रीला निरोप पाठवला आणि तो आल्यावरच बोलायला बसले. तिन्ही चमचे टेबलावर मांडले. शुक्री, बहिया आणि इफ्फेत हानम, तिघांसमोर जे बघितलं ते सांगितलं.

"दुसऱ्या कुणी वापरला असेल," शुक्री म्हणाला.

"डावखुऱ्यानं वापरलाय. हानम उजव्या हातानं खातात, रुस्तम बेयही उजव्याच. बहिया भाकरीनं खाते. फुआद इथे राहत नाही. या घरात चौथा माणूस आहे. तो रात्रीचं पातेलं रिकामं करतो, चौदा पावलं चालतो आणि निळ्या रेघेचा सुती अंगरखा घालतो. हानम, दर वर्षी ते कापड तुम्ही कुठून आणता?"

इफ्फेत हानमनं आपल्या हातांकडे बघितलं.

"मी मारलं रुस्तमला," ती म्हणाली. "लिहून घ्या. फुआदला सोडा. मी पिस्तूल भरलं, मी उडवलं."

शुक्रीनं लगेच वही काढली. मी पिस्तूल उचलून तिच्यासमोर ठेवलं.

"घोडा मागे ओढून दाखवा."

"कशाला?"

"ओढा, हानम."

तिनं प्रयत्न केला. वाकडी बोटं लोखंडावरून घसरली. दुसऱ्यांदा तिनं तळहात लावला, ओठ चावला, डोळ्यांत पाणी आलं. घोडा तसूभर हलला नाही.

"वेर्जिन, तुमच्या पाया पडते," ती एकदम म्हणाली. पाशाची मुलगी, माझ्यासारख्या दुकानदारणीला. "फुआदला वकील आहे, मित्र आहेत, जग आहे. तो सुटला असता. त्याला कोण आहे? वर आहे त्याला माझ्याशिवाय कोण आहे?"

"पुरे, इफ्फेत," दारातून आवाज आला.

बहिया टेबलामागे सरकली.

दारात एक उंच म्हातारा उभा होता. दाढी छातीपर्यंत, कातडी मेणबत्तीच्या मेणासारखी, डोळे अर्धे मिटलेले, कारण टेबलावरचा दिवाही त्याला सहन होत नव्हता. अंगात निळ्या रेघेचा अंगरखा. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून नाण्याएवढा तुकडा कापलेला.

"मी म्हणजे वारा, असं इफ्फेत तुला अकरा वर्षं सांगतेय," तो बहियाकडे बघून म्हणाला. "माफ कर बाई. तुझी मुलुखिया फार चांगली असते."

५

त्याला फेफरं यायचं. बस, एवढंच. इफ्फेतच्या साखरपुड्याच्या जेवणात, सगळ्या पाहुण्यांसमोर, तो खुर्चीवरून खाली पडला आणि त्याच्या तोंडाला फेस आला. मुलाकडच्यांनी दुसऱ्या दिवशी अंगठी परत पाठवली. आठ दिवसांनी वडिलांनी जाहीर केलं की जमील पोहायला गेला आणि बुडाला.

"रुस्तमनंच मला पोहायला शिकवलं होतं," जमील म्हणाला. "मी बुडणं शक्य नव्हतं, हे त्याला सगळ्यात जास्त माहीत."

वरच्या मजल्यावर जुन्या न्हाणीघरामागे एक खोली होती, कपाटाच्या पाठीतून दार असलेली. वडील गेले तेव्हा रुस्तमनं शब्द दिला होता की आता दार उघडू. पण तोवर मालमत्तेचे दोनच वाटे झाले होते. मेलेल्याला वाटा नसतो. दार बंदच राहिलं. इफ्फेत दुपारी, रुस्तम झोपला आणि बहिया भाकरी आणायला गेली की, ते उघडायची. मग जमील खाली येऊन दालनांमधून फिरायचा, पुस्तकं न्यायचा, भिंतीवरच्या पिस्तुलांना तेल लावायचा. ती भरायला थोरल्या पाशांनी दोघा भावांना शिकवलं होतं, पोरं असताना.

"चांदीचा चमचा का, हानम?" मी विचारलं. मला राहवलं नाही. "साधा लाकडी दिला असतात तर मला कळलंही नसतं."

"पाशाचा मुलगा आहे तो," ती म्हणाली, जणू मी काहीतरी फारच असभ्य विचारलं होतं.

शुक्रीनं खुर्ची पुढे ओढली. "काल काय झालं?"

"घर विकलं गेलं. रविवारी गाडी येणार होती, मला कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यायला. कागद तयार होते. मी ते बघितले. नाव लिहिलं होतं अब्दुल्ला, अनाथ, बापाचं नाव माहीत नाही." तो थांबला. श्वास घ्यायला त्याला वेळ लागत होता. इतकं बोलायची सवय नव्हती. "त्या दिवसापासून इफ्फेतनं माझं दार लावलंच नव्हतं. फुआद गेल्यावर मी खाली आलो. पिस्तूल भरलं. रुस्तम सूप घेत होता, त्याच्यासमोर बसलो. म्हटलं, पाठव मला, कुठेही पाठव, पण जमील म्हणून पाठव. तो म्हणाला, जमीलचं थडगं आहे. संगमरवराचे पैसे मी दिलेत."

वादळ क्षणभर थांबलं होतं. झडपा गप्प होत्या.

"तो चिडून नाही बोलला," जमील म्हणाला. "तेच वाईट होतं. सूप पीत पीत बोलला."

शुक्रीनं वही उघडली, दौतीत टाक बुडवला आणि तसाच बसून राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मादाम, मी अटक कुणाला करू? नोंदवहीत हा माणूस १९०६ सालीच मेलाय."

जमीलनं ते ऐकलं. तो टेबलाशी आला, वहीवर बोट ठेवलं.

"लिहा. जमील. वडील हिल्मी पाशा. वय चौसष्ट. जिवंत."

शुक्रीनं लिहिलं.

त्याला पुढच्या दारानं नेलं. उंबऱ्यावर तो थबकला. इफ्फेतनं त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि त्याचे बूट नाहीत हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पंचेचाळीस वर्षांत त्याला बूट लागलेच नव्हते. शुक्रीनं रुस्तम बेयचे बूट आणायला सांगितलं. जमीलनं मान हलवली आणि अनवाणीच, ओल्या दगडांवर पाऊल ठेवलं. रस्त्यावर एक ट्राम गेली. तो ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला आणि शिपायांनी त्याला घाई केली नाही.

६

फुआद त्याच संध्याकाळी सुटला. आत्यानं आपल्याला फासाकडे जाऊ दिलं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पण त्याला ते कळलं असावं, कारण तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही. मग एक दिवस आला आणि तिला आपल्या घरी घेऊन गेला. बहियाही बरोबर गेली.

जमीलवर खटला चालवण्याआधी त्याला जिवंत ठरवावं लागलं. त्यालाच साडेतीन महिने गेले. दोन डॉक्टरांनी, एका म्हाताऱ्या दाईनं आणि इफ्फेत हानमनं साक्षी दिल्या. मीही दिली, न्यायाधीशांनी भिंगातून तो चमचा स्वतः बघितला. नंतर खून सिद्ध झाला, तो नाकारतच नव्हता. त्याला सात वर्षांची सजा झाली.

मला त्याला भेटायला जावं लागलं, कारण घरातल्या वस्तूंचे आता तीन वाटे व्हायचे होते आणि माझ्या यादीवर त्याची सही हवी होती. इफ्फेत हानम बरोबर होती. एप्रिल महिना होता, तुरुंगाच्या भिंतीबाहेर कुणीतरी कांदे विकत ओरडत होतं. जमीलची दाढी काढलेली होती, त्यामुळे तो एकदम फोटोतल्या मुलासारखा दिसत होता, फक्त कुणीतरी त्याच्यावर राख उधळल्यासारखा. मी पानं पुढे करत गेले, तो डाव्या हातानं सही करत गेला. कुठली वस्तू कितीची, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

"जेवण बरं असतं का?" इफ्फेत हानमनं विचारलं. "फेफरं येतं का? रात्री थंडी वाजते का?"

"दोनदा आलं. चाळीस माणसं आहेत आमच्या खोलीत. एक जण माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता म्हणे."

"चाळीस माणसं!" ती कळवळली. "जमील, तुला झोप कशी लागते?"

"झोप नाही लागत." तो हसला. पंचेचाळीस वर्षांत न वापरलेलं ते हसू वाकडंतिकडं होतं. "पण इफ्फेत, तुला सांगू? इथे रोज सकाळी अंगणात सगळ्यांना उभं करतात. हवालदार मोठ्यानं एकेकाचं नाव घेतो. जमील हिल्मी, असं ओरडतो. अगदी मोठ्यानं, भिंतीबाहेर ऐकू जाईल असं."

"आणि मग?"

"मग मी म्हणतो, आहे."